ठिणगी एक, लिथियम किती? : लेसर वर्णपटमापन आणि बॅटरीचे पदार्थ, वाचकांचे प्रश्न

लेसरचा पल्स नमुन्यावर मारायचा, तिथल्या कणभर पदार्थाची वाफ होऊन प्लाझ्मा पेटला की त्याचा उजेड स्पेक्ट्रोमीटरमध्ये घ्यायचा आणि रेषांवरून मूलद्रव्यं ओळखायची, ही लिब्सची पद्धत. बॅटरीवर काम करणाऱ्यांना ती हवीशी वाटते ती मुख्यतः एका गोष्टीसाठी, हिला लिथियम दिसतं. एक्स-रे फ्लुओरेसन्सला ते दिसत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या नेहमीच्या ईडीएसलाही नाही, कारण लिथियमचा एक्स-रे जेमतेम ५४ इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो आणि डिटेक्टरपर्यंत पोचायच्या आतच जिरतो. द्रावणावर चालणाऱ्या आयसीपी या पद्धतीला दिसतं, पण त्यासाठी नमुना आम्लात विरघळवावा लागतो आणि मग कुठलं लिथियम कुठे होतं हा प्रश्नच पुसला जातो. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सात इथे घेतली आहेत.

प्रश्न : एनएमसी ६२२ च्या (कॅथोडमध्ये वापरायचा लिथियम-निकेल-मँगनीज-कोबाल्ट ऑक्साइड, आकडे त्या तीन धातूंचं ६:२:२ प्रमाण सांगतात) पेलेटवर, म्हणजे पावडर दाबून केलेल्या चकतीवर, लिथियमची ६७०.७८ नॅनोमीटरची रेषा बघतो आहोत. लिथियम जास्त असलेल्या पेलेटला उंची वाढायला हवी, ती वाढत नाही. उलट रेषेच्या डोक्यावर खाच पडते. सहकाऱ्याच्या मते ही लिथियमची जोडरेषा आहे आणि आमचा स्पेक्ट्रोमीटर चांगला असल्यामुळे ती सुटी दिसते. (एका प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ)

उत्तर : सहकाऱ्यांचा स्पेक्ट्रोमीटरवरचा विश्वास जरा जास्तच आहे. ती जोडी खरी आहे, पण तिच्या दोन रेषांमधलं अंतर फक्त ०.०१५ नॅनोमीटर. तुमच्यासारख्या टेबलावरच्या स्पेक्ट्रोमीटरची विभेदनक्षमता साधारण ०.१ नॅनोमीटर असते, शिवाय प्लाझ्मात रेषा स्वतःच त्याहून जाड होते. तेव्हा खाच जोडीची नाही, स्वशोषणाची आहे.

होतं असं. प्लाझ्माचा गाभा सुमारे १०,००० केल्व्हिनचा, पण बाहेरचं कवच त्याहून बरंच थंड. ६७०.७८ ही रेषा लिथियमच्या सर्वात खालच्या ऊर्जापातळीवर येऊन संपते आणि थंड कवचात नेमके त्याच पातळीवरचे अणू दाटीने असतात. गाभ्यातून निघालेला उजेड तेच अणू गिळतात, आणि रेषेच्या मध्यावर सर्वात जास्त गिळतात. एनएमसी ६२२ मध्ये वजनाने ७.२ टक्के लिथियम आहे. या प्रमाणाला ही रेषा मोजमापासाठी निकामी आहे. काही अंश पीपीएम ते शेकडो पीपीएम लिथियम शोधायचं असेल, उदाहरणार्थ लिथियम येऊच नये अशा ठिकाणी, तर मात्र हिच्यासारखी दुसरी नाही.

कॅथोडसाठी ६१०.३६ घ्या. तिची खालची पातळी १.८५ इलेक्ट्रॉनव्होल्ट वर आहे, थंड कवचात तिथे अणू कमी, म्हणून शोषणही कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे. तपासायची रीत अशी: प्रमाण माहीत असलेल्या पाच-सहा पेलेटवर रेषेखालचं क्षेत्रफळ मोजा (उंची नव्हे) आणि तीव्रता व प्रमाण दोन्ही लॉगरिदमिक अक्षांवर मांडा. उतार १ च्या जवळ असेल तर रेषा प्रामाणिक आहे. ०.५ कडे झुकला की स्वशोषण पूर्ण रंगात आलं असं समजा आणि ४९७.१७ कडे वळा.

दोन खड्डे सांगून ठेवतो. ६१०.३६ च्या अगदी शेजारी, ६१०.२७ वर कॅल्शियमची रेषा आहे. नमुन्यात कॅल्शियम आहे की नाही हे आधी ३९३.३७ वर पाहून घ्या, तिथे ते लपत नाही. आणि ४६०.२९ ही लिथियमची रेषा एनएमसीत चालेल, एलएफपीत (लिथियम लोह फॉस्फेट) नाही, कारण नेमकी तिथेच लोहाची रेषा बसलेली आहे.

प्रश्न : १०६४ नॅनोमीटरचा लेसर, ६ नॅनोसेकंदांचा पल्स, ३० मिलीज्यूल, ठिपका अंदाजे १०० मायक्रॉन. वर्णपटात रेषांपेक्षा पांढरी पार्श्वभूमीच जास्त दिसते. लेसरची ताकद कमी पडते आहे का? (संशोधक विद्यार्थिनी)

उत्तर : उलट आहे. ३० मिलीज्यूल ६ नॅनोसेकंदांत म्हणजे ५० लाख वॉट. १०० मायक्रॉन व्यासाच्या ठिपक्याचं क्षेत्रफळ ०.००००७८५ चौरस सेंटिमीटर. भागाकार करा: दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६४ अब्ज वॉट. प्लाझ्मा पेटायला १ अब्जाच्या आसपास पुरतात. जास्तीची ऊर्जा नमुन्यापर्यंत पोचतही नाही. पल्सच्या पहिल्या भागाने पेटलेला प्लाझ्माच उरलेला भाग अडवतो, स्वतः आणखी तापतो आणि पार्श्वभूमी वाढवतो. ८ ते १० मिलीज्यूलवर या.

पण खरा दोष बहुधा डिलेमध्ये, म्हणजे पल्स मारल्यापासून उजेड घ्यायला सुरुवात करेपर्यंतच्या वेळात आहे. पहिले काहीशे नॅनोसेकंद प्लाझ्मा सगळ्याच तरंगलांबींवर उजळतो, मूलद्रव्यांच्या रेषा त्याच्या विझत्या काळात वर येतात. ०.२ पासून ५ मायक्रोसेकंदांपर्यंत डिले सरकवत जा आणि प्रत्येक ठिकाणी रेषा भागिले पार्श्वभूमी हे गुणोत्तर लिहा. कॅथोडच्या पावडरीसाठी सुरुवात १ मायक्रोसेकंदापासून करावी. गेट असलेला (ठरवलेल्या क्षणापुरताच उघडणारा) कॅमेरा असेल तर ५ ते १० मायक्रोसेकंद उघडा ठेवा. साधा सीसीडी असेल तर त्याचा कमीत कमी काळच मिलीसेकंदाच्या घरात असतो, तेव्हा तिथे तुमच्या हातात फक्त डिले. फार उशिराही जाऊ नका, प्लाझ्मा निवत जातो तशी वरच्या उत्तरातली खाच खोल होते.

फोकस नमुन्याच्या पृष्ठभागावर न ठेवता १ ते २ मिलिमीटर आत ठेवा. बरोबर पृष्ठभागावर किंवा वर ठेवला तर हवाच पेटते. ओळखायचं कसं? नायट्रोजनची ७४६.८३ ची रेषा फुगते आणि धातूंच्या रेषा बसतात. कानालाही कळतं: नमुन्यावरची ठिणगी कोरडा, कडक 'टक' आवाज देते आणि तो प्रत्येक पल्सला सारखा येतो. आवाज वरखाली व्हायला लागला की वर्णपट बघायच्या आधी फोकस बघावा.

प्रश्न : पेलेट आणि कॅलिब्रेशन. एनएमसीच्या पावडरीत लिथियम कार्बोनेट वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून मानकं (प्रमाण माहीत असलेले नमुने) तयार केली. सरळ रेषा छान आली, पण खऱ्या इलेक्ट्रोडवर उत्तरं आयसीपीपेक्षा बरीच वेगळी येतात. (संशोधन केंद्रातले रसायनतज्ज्ञ)

उत्तर : आलेल्या पत्रांतला हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर. लिब्समध्ये चुकीचं उत्तर देण्यात लेसरचा वाटा थोडा असतो. चूक होते ती मानकांत.

तुमच्या मिश्रणात दोन प्रकारचं लिथियम आहे, एक ऑक्साइडच्या जाळीत बसलेलं आणि दुसरं कार्बोनेटच्या सुट्या कणांत. पांढरा कार्बोनेट १०६४ चा प्रकाश नीट शोषत नाही, काळी पावडर चांगली शोषते. दोन्हींची वाफ सारख्या प्रमाणात होत नाही. त्यात कार्बोनेटचे कण २०–३० मायक्रॉनचे असतील तर १०० मायक्रॉनच्या ठिपक्यात कधी तीन येतात, कधी एकही नाही. तुमची सरळ रेषा सरासरीने सरळ झालेली आहे. एकेका ठिपक्याचे आकडे काढून पाहा, पसारा दिसेल.

ग्राफाइट घालून पातळ केलेली मानकंही याच कारणाने फसवी. प्रमाण बदलता बदलता तुम्ही पदार्थच बदलता.

भरवशाचा रस्ता लांबचा आहे. त्याच कॅथोडची अर्धी-बटण सेल (समोर लिथियम धातू असलेली बटणाएवढी सेल) बनवा आणि पाच वेगवेगळ्या चार्ज पातळ्यांना थांबवा. कॅथोडमधलं लिथियम पातळीनुसार कमी होतं, निकेल-मँगनीज-कोबाल्ट तेवढंच राहतं, म्हणजे फक्त हवं तेच बदललं. सेल उघडून चकती डायमिथाइल कार्बोनेटमध्ये दोन-तीनदा धुवा, नाहीतर वाळलेल्या इलेक्ट्रोलाइटमधला लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट तुमच्या मोजमापात लिथियम आणि फॉस्फरस दोन्ही फुकट वाढवेल. धुतल्यावर चकतीचे दोन तुकडे करा: एक आयसीपीला, एक लिब्सला. पाच बिंदू, पण खरे.

कच्च्या पावडरीसाठी पेलेटच करावी लागते. १३ मिलिमीटरच्या डायमध्ये ०.३ ते ०.४ ग्रॅम पावडर, ५ टनांचा दाब, दोन मिनिटं, आणि दाब सावकाश सोडायचा. झटक्यात सोडला तर पेलेटची वरची टोपी निघून येते. आधी ११० ते १२० अंशांवर दोन तास वाळवा. सुटी पावडर तशीच ठेवून मारू नका: पहिल्याच पल्सने धूळ उडते, ती ठिपक्याच्या वर तरंगते आणि पुढचा पल्स धुळीत पेटतो. पेलेट भुरभुरीत राहत असेल तर मेण किंवा सेल्युलोज ५ ते १० टक्के घालता येतं, फक्त सर्व मानकांत आणि नमुन्यांत तेवढंच.

एका पेलेटवर १५ ते २० जागा, प्रत्येक जागी १० पल्स, पहिले ३ सोडून द्यायचे. निकेल जास्त असलेल्या पावडरीत मात्र ते तीन सोडायच्या आधी बघा. ती हवेत उघडी राहिली असेल तर कणांवर लिथियम हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेटचा थर चढतो, आणि पहिल्या दोन पल्सना लिथियम चढं, मग उतरून स्थिर असं चित्र दिसतं. पावडर नीट साठवली गेली नाही याची ती पावतीच. एकट्या रेषेची तीव्रता वापरू नका. तिला निकेल, मँगनीज, कोबाल्ट यांच्या निवडक रेषांच्या बेरजेने भागा, पल्सपल्समधली चढउतार त्यात बरीचशी मिटते.

प्रश्न : एनएमसी ८११ मध्ये कोबाल्ट प्रत्येक वेळी अपेक्षेपेक्षा जास्त येतो. एनएमसी १११ मध्ये बरोबर येतो. (प्रश्नकर्त्याने रेषा ३४५.३५ कळवली आहे.)

उत्तर : रेषेमुळेच. निकेलची एक रेषा ३४५.२९ वर आहे, म्हणजे ०.०६ नॅनोमीटरवर. १११ मध्ये निकेल आणि कोबाल्ट सारखे असल्यामुळे कॅलिब्रेशनने ती भर आपल्यात सामावून घेतली. ८११ मध्ये निकेल ४८ टक्के आणि कोबाल्ट ६, आता शेजाऱ्याचाच उजेड जास्त. ४१२.१३ ची कोबाल्ट रेषा वापरा. ती फिकी आहे पण तिला जागा मोकळी आहे. आणि एक सवय लावून घ्या: शुद्ध निकेल ऑक्साइडची आणि शुद्ध मँगनीज ऑक्साइडची एकेक पेलेट कायम हाताशी ठेवायची. कोणतीही नवी कोबाल्ट रेषा निवडली की आधी त्या पेलेटवर मारून तिथे किती मोजणी येते ते बघायचं. कोबाल्ट नसताना कोबाल्ट दिसला तर उत्तर तिथेच मिळालं.

मँगनीजच्या ४०३.०८, ४०३.३१, ४०३.४५ या तिघींबद्दलही तुम्ही विचारलं आहे. ओळखायला उत्तम, पण त्यांचीही खालची पातळी तळाची. मँगनीज जास्त असलेल्या पदार्थात त्याही झुकतात.

प्रश्न : ॲल्युमिनियम फॉइलवरच्या ७० मायक्रॉन जाडीच्या कॅथोडमध्ये एकाच जागी पल्स मारत खोलीप्रमाणे लिथियम मोजतो. खाली जावं तसं लिथियम कमी होताना दिसतं. वापरलेल्या सेलमध्ये हे खरं असू शकतं का? (बॅटरी चाचणी विभागातून)

उत्तर : असू शकतं, पण अजून मानू नका. पहिलं काम: त्याच रोलचा, कधीही सेलमध्ये न गेलेला कोरा तुकडा घ्या आणि अगदी तसंच भोक पाडा. तिथेही लिथियम उतरताना दिसलं तर तो उतार भोकाचा आहे, बॅटरीचा नाही.

भोक खोल होत जातं तसा प्लाझ्मा भिंतींमध्ये कोंडला जातो, त्याचं तापमान आणि घनता बदलते, उजेड बाहेर येण्याचा कोन अरुंद होतो. तापमान बदललं की वेगवेगळ्या उत्तेजन ऊर्जेच्या रेषा वेगवेगळ्या प्रमाणात बदलतात. तुम्ही लिथियम ६१०.३६ ला मँगनीज ४०३.०८ ने भागत आहात. पहिलीची वरची पातळी ३.८८ इलेक्ट्रॉनव्होल्ट, दुसरीची ३.०८. या फरकापोटीच गुणोत्तर सरकू शकतं. कोबाल्ट ४१२.१३ ची वरची पातळी ३.९३ आहे. तिने भागलंत तर तापमानाचा परिणाम दोन्हीकडे जवळपास सारखा पडतो.

खोलीचा हिशेब पल्सच्या संख्येवर ठेवू नका. रोलरखाली दाबलेला आणि न दाबलेला थर एकाच पल्सने सारखा खोदला जात नाही. प्रोफाइलोमीटरने ५, १०, २०, ४० पल्सची भोकं मोजून खोलीचा स्वतःचा आलेख करा. फॉइल आल्याची खूण म्हणजे ॲल्युमिनियमची ३९६.१५ ची रेषा. पण ती फॉइलच्या आधीच डोकं काढते, कारण ठिपका मध्यभागी जास्त तीव्र असल्याने भोकाचा तळ सपाट नसतो, टोकदार असतो. टोक फॉइलला लागलेलं असतं तेव्हा कडा अजून थरातच असतात. ॲल्युमिनियमची तीव्रता तिच्या अखेरच्या पातळीच्या निम्म्यावर येते ती सीमा धरावी, आणि तिच्या आधीचे काही पल्सही हिशेबातून वगळावेत.

शक्य असेल तर २६६ नॅनोमीटरवर जा आणि ठिपका २०० मायक्रॉनचा करून ऊर्जा कमी ठेवा. १०० मायक्रॉन रुंद भोक ७० मायक्रॉन खोल नेणं म्हणजे विहीर खणणं, २०० रुंदीला तेच उथळ ताट राहतं. ॲनोड असेल तर हीच रीत, फक्त खूण तांब्याच्या ३२४.७५ ची.

प्रश्न : जलद चार्जिंगनंतर ग्राफाइट ॲनोडवर साचलेल्या धातुरूप लिथियमचा नकाशा काढायचा आहे. हवेत काढला तर चालेल का? फ्लुओरिनही त्याच मोजमापात मिळेल का? (संशोधक विद्यार्थी)

उत्तर : हवेत नाही. चार्ज झालेलं ग्राफाइट सोनेरी दिसतं. हवेत ठेवा, रंग तुमच्या डोळ्यांदेखत काळवंडत जातो. म्हणजे पृष्ठभागाची रसायनं बदलली, आणि पृष्ठभागच तर तुम्हाला मोजायचा आहे. आर्गॉनच्या ग्लोव्हबॉक्समध्ये ॲनोड क्वार्ट्झची खिडकी असलेल्या हवाबंद डबीत बसवा आणि डबीतून आर्गॉन सावकाश वाहू द्या. आर्गॉनमध्ये प्लाझ्मा जास्त वेळ टिकतो, रेषा उजळतात, हा वरचा फायदा. हवेच्या सेटिंगवरची कॅलिब्रेशन मात्र इथे चालणार नाही.

२० गुणिले २० मिलिमीटरचा तुकडा, २०० मायक्रॉनची पायरी, म्हणजे सुमारे १०,००० बिंदू. १० हर्ट्झला साधारण १७ मिनिटं. या वेळात उडालेली काजळी खिडकीवर बसते आणि नकाशाच्या शेवटच्या ओळी पहिल्या ओळींपेक्षा फिक्या येतात. पुष्कळ जण त्याला लिथियमचा उतार समजतात. खिडकी नमुन्यापासून निदान ५ सेंटिमीटर दूर ठेवा आणि दर ५०० बिंदूंनी तांब्याच्या फॉइलच्या एका कोपऱ्यावर पल्स मारून तिची तीव्रता तपासा. ती घसरली की खिडकी पुसायची वेळ झाली.

नकाशात लिथियम चढं दिसलं म्हणजे तो धातूच, असं लिब्स सांगत नाही. तिला फक्त अणू दिसतो. धातू, ग्राफाइटच्या थरांतलं लिथियम आणि पृष्ठभागावरच्या क्षारांतलं लिथियम तिला सारखंच. म्हणून चार्ज अवस्थेपेक्षा पूर्ण डिस्चार्ज करून उघडलेल्या ॲनोडचा नकाशा वाचायला सोपा: थरांतलं बहुतेक लिथियम परत गेलेलं असतं, राहतं ते अडकलेलं. कडा आणि टॅबजवळची (वीज बाहेर नेणाऱ्या पट्टीजवळची) जागा आधी बघा.

फ्लुओरिन याच मोजमापात मिळणार नाही. त्याची ६८५.६० ची रेषा पेटायला १४.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, आर्गॉनमध्येही ती अंधुक. हेलियम वापरा, किंवा नमुन्यावर कॅल्शियमच्या क्षाराचा पातळ फवारा मारून कॅल्शियम फ्लुओराइड रेणूचा ५२९ ते ५४३ नॅनोमीटरचा पट्टा मोजा. फवारा मारलेल्या तुकड्यावर मग ६१०.३६ वाचू नका, शेजारची कॅल्शियमची रेषा वर सांगितलीच आहे.

अशी सेल उघडायची ती डिस्चार्ज करूनच. धुतलेला नसलेला इलेक्ट्रोड दमट हवेत आला तर इलेक्ट्रोलाइटच्या क्षारातून हायड्रोजन फ्लुओराइड निघतो. लेसर चौथ्या वर्गाचा, आणि १०६४ डोळ्याला दिसत नाही. २६६ वर गेलात की चष्माही बदला, १०६४ चा चष्मा तिथे कामाचा असेलच असं नाही. तांब्याची चकचकीत फॉइल किरण परत फेकते, ती डबीत सपाट बसवा. कॅथोडची धूळ निकेल-कोबाल्टची आहे, तिला हेपा फिल्टर लावलेला शोषक हवाच.

प्रश्न : लिथियम आणि इतर धातूंचं गुणोत्तर १.०३ आहे की १.०५, हे लिब्सने ठरवता येईल का? (कच्च्या मालाच्या तपासणी विभागातून)

उत्तर : नाही. त्यासाठी निदान १ टक्क्याच्या आतली अचूकता हवी, आणि नेहमीच्या मांडणीत लिब्स ३ ते ५ टक्क्यांवर चांगली मानली जाते. ते काम आयसीपीचं. येणाऱ्या पिंपांपैकी एलएफपी कोणतं आणि एनएमसी कोणतं, कोणत्या पिंपात सोडियम जास्त आहे, याला मात्र दहा सेकंद पुरतात. सोडियमची ५८९.०० ची रेषा इतकी तीव्र असते की पेलेट हातमोज्याशिवाय उचलली तरी दिसते.